प्रगतिपुस्तकातला शेरा

अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी गेली अकरा वर्षे पाहते. कारखान्याचे जीएसटी विवरणपत्र २० तारखेच्या आत भरले जाते, कारण त्या दिवशी मालक तीन-तीनदा फोन करतात. यजमानांच्या दुकानाचे विवरणपत्र मात्र दरमहा राहते आणि दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आम्ही निमूटपणे भरतो. याला घरात आणि माझ्या मनातही आळस असेच नाव होते. मग मुलाला एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवण्यात अडचण आणि अतिचंचलता असलेला विकार, असल्याचे निदान झाले, आणि त्याच्यासाठी दिलेली प्रश्नावली भरताना, ‘सुरू केलेले काम अर्धवट सोडतो का’ या प्रश्नाशी माझे पेन बराच वेळ थांबले. तेव्हा मी अडतीस वर्षांची होते.

मुलासाठी वाट मिळाली होती. त्याचे निदान करणाऱ्या केंद्राने मला मात्र अठरा वर्षांवरील व्यक्तींची तपासणी करत नसल्याचे सांगितले. एका रुग्णालयात केसपेपर काढून दोन तास बाकावर बसल्यावर डॉक्टरांनी विचारले, “बी.कॉम. झालात, नोकरी करता, संसार करता, मग लक्ष लागत नाही म्हणजे नेमके काय?” आणि चिंतेवरच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांच्या दारापुढची रांग पाहता त्यांना दोष देणे मला जड जाते, तरी त्या प्रश्नाचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या भेटीला जाताना केसपेपर हरवला, म्हणून नवा काढावा लागला. पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली, तर ती तारीख मी एका बिलाच्या मागे लिहिली आणि ते बिल फाइलला लावून टाकले. कागद जपणे, तारखा लक्षात ठेवणे, पाठपुरावा करणे हे ज्याला जमत नाही, त्यालाच निदानासाठी हे सगळे आठ महिने करावे लागते.

या निदानासाठी रक्ताची चाचणी किंवा स्कॅन नाही. सविस्तर मुलाखतीवरच सारी भिस्त असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-५ या २०१३ च्या निकषांनुसार सतरा किंवा त्याहून अधिक वर्षांच्या व्यक्तीत सहाऐवजी पाच लक्षणे पुरेशी मानली जातात, पण त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीच दिसलेली असावी लागतात. म्हणजे पुरावा बालपणाचा हवा. आईच्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांचा वास लागलेल्या चादरींखाली, माझे चौथीचे प्रगतिपुस्तक सापडले. गुण चांगले होते आणि खाली बाईंचा शेरा होता: ‘हुशार आहे, परंतु खिडकीबाहेर पाहत बसते.’ दंगा करणारा मुलगा वर्गात लगेच दिसतो. गप्प बसून हरवणाऱ्या मुलीची तक्रार घरी कोण नेणार?

दुसऱ्या वेळी पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसने आईला घेऊन पुण्याला गेले. मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारायला सुरुवात करताच आई माझ्या बचावाला उभी राहिली. “नाही हो, शाळेतनं कधी तक्रार नव्हती. गुणाची पोर होती,” असे ती प्रत्येक उत्तराच्या शेवटी म्हणे, आणि मला वाटे की इतके करून माझे निदान आईच्या मायेमुळेच हुकणार. मग बाईंनी सहज विचारले, “काकू, डबा, कंपास असलं काही हरवायची का?” आई हसली. “डबे? वर्षाला चार-चार. शेवटी मी डबा द्यायचाच बंद केला, कडक भाकरी अन् शेंगाची चटणी फडक्यात बांधून द्यायची. तर एकदा फडकंपण हरवून आली.” बाई लिहू लागल्या, तेव्हा कुठे आईचे हसणे थांबले.

निदान झाले. या सगळ्या फेऱ्यांचा खर्च आमच्या विमा पॉलिसीत बसला नाही. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखेच विमा संरक्षण द्यावे, असे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. पण रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च आमची पॉलिसी मुळातच देत नाही.

एडीएचडीवरचे मिथाइलफेनिडेट हे औषध शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत येते. ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या दोन प्रतींपैकी एक त्याला दोन वर्षे जपून ठेवावी लागते. काउंटरवर मी पर्स उपसली, तर एकच प्रत निघाली. दुसरी आईने मला न सांगता आपल्या पिशवीत ठेवून घेतली होती.