आमची वाटचाल : गिरगावातल्या दोन खोल्या, मोदकाच्या कळ्या आणि डॉलरमधले सेंट

गिरगावात ठाकूरद्वारच्या बाजूला जुन्या चाळीत आमच्या दोन खोल्या आहेत, एकीत शूटिंग आणि एकीत कॉम्प्युटर, आणि इथून आम्ही स्टॉक फोटो विकतो, म्हणजे आधीच काढून ठेवलेले फोटो, ज्याला हवे तो पैसे भरून वापरतो. दादा फोटो काढतो, वहिनी फूड आणि मांडणी बघते आणि बाकीचं सगळं माझ्याकडे, म्हणजे कीवर्ड (फोटो ज्यावरून सापडतो ते शब्द), रिलीज फॉर्म (फोटोतल्या माणसाची लेखी परवानगी), एजन्सीशी म्हणजे आमचे फोटो विकणाऱ्या साइटशी मेलामेली, बँक आणि टॅक्स. हे बाकीचं सगळं म्हणजे आमच्या धंद्याचा मोठा हिस्सा आहे आणि त्याच्याबद्दल मराठीत कोणी फारसं लिहीत नाही, म्हणून आज बसून लिहितेय.

सुरुवात अशी झाली की मी फोर्टात एका छपाईवाल्याकडे डीटीपीला होते आणि दादा लग्नाच्या ऑर्डरी करायचा. पाडव्याच्या जाहिराती यायच्या, क्लायंटला गुढीचा फोटो हवा असायचा आणि स्टॉकच्या साइटवर शोधलं की दिवाळीच्या पणत्या नाहीतर होळीचे रंग समोर यायचे. गुढी मिळालीच तर तांब्या सरळ ठेवलेला, गाठी नाही, कडुलिंब नाही. आपल्याच मुंबईतल्या पेपरात आपल्याच सणाची चुकीची गुढी छापून यायची याचं मला फार वाईट वाटायचं. दादाला म्हटलं, अरे आपल्या घरची गुढी काढ ना नीट. त्यानं काढली, आम्ही अपलोड केली आणि ती विकली गेली, पैसे किरकोळ आले पण ती कोणालातरी हवी होती हे कळलं.

हा धंदा मुळात कसा चालतो ते थोडक्यात सांगते. आधी एका फोटोच्या वापराचे शेकडो डॉलर लागायचे आणि मोठ्या जाहिरात कंपन्याच ते घ्यायच्या. 2000 साली कॅनडातल्या कॅलगरीत आयस्टॉकफोटो सुरू झालं आणि फोटो एकदम स्वस्त झाले, 2003 मध्ये न्यूयॉर्कला जॉन ओरिंजरनं स्वतःच काढलेले हजारो फोटो टाकून शटरस्टॉक काढलं आणि महिन्याच्या सबस्क्रिप्शनवर विकायला सुरुवात केली. 2006 मध्ये गेटी इमेजेस या मोठ्या फोटो एजन्सीनं आयस्टॉक 5 कोटी डॉलरला घेतलं आणि 2014 च्या शेवटी फोटोशॉपवाल्या अडोबीनं फोटोलिया ही स्टॉक फोटोंची साइट 80 कोटी डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, तेच आज अडोबी स्टॉक. ही सगळी नावं घेते कारण आमच्यासारख्या गल्लीतल्या माणसाचा माल याच दोनचार दुकानांतून जातो, आणि 2025 च्या जानेवारीत गेटी आणि शटरस्टॉक एकत्र येणार अशी घोषणा झाली तेव्हा आमच्या खोलीत त्या दिवशी दुसरा विषयच नव्हता. दुकानं कमी झाली की भाव कोण ठरवणार हे सांगायला नको.

भावाचं म्हणाल तर 2020 च्या जूनमध्ये एका मोठ्या एजन्सीनं रेट बदलले. त्याआधी सबस्क्रिप्शनच्या प्रत्येक डाउनलोडला ठरलेले 25 ते 38 सेंट मिळायचे, नंतर विक्रीच्या 15 ते 40 टक्क्यांच्या पायऱ्या आल्या आणि दर 1 जानेवारीला सगळ्यांना पुन्हा खालच्या पायरीवर आणून ठेवायला लागले. कमीत कमी 10 सेंट. लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद, शूटिंग बंद, आणि त्यात हे. मला तेव्हा राग आला होता आणि अजूनही येतो, कारण वर्षभर चांगला माल दिलेल्या माणसाला 1 तारखेला नवशिक्याच्या रांगेत उभं करणं हे मला पटत नाही. जगभरच्या कितीतरी फोटोग्राफरांनी तेव्हा आपला पोर्टफोलिओच, म्हणजे तिथे ठेवलेले सगळे फोटो, बंद करून टाकला. आम्ही बंद नाही केला पण त्या दिवसापासून एक ठरवलं की कुठल्याही एकाच एजन्सीला एक्सक्लुझिव्ह जायचं नाही. एक्सक्लुझिव्हचा टक्का जास्त दिसतो, आयस्टॉकवर साधं असाल तर फोटोला 15 टक्के आणि एक्सक्लुझिव्ह असाल तर 25 पासून पुढे, पण सगळी कमाई एका माणसाच्या मर्जीवर ठेवायला आमची तयारी नाही. अडोबी फोटोला 33 टक्के देतं, तिथे आमचं बरं चालतं.

आता मोदक. आमचा सगळ्यात जास्त चाललेला विषय हाच आहे आणि त्याची मेहनत सांगण्यासारखी आहे. उकडीचा मोदक मोदकपात्रातून काढल्यावर जेमतेम काही मिनिटं फोटोसारखा दिसतो, मग पारी कोरडी पडायला लागते, चकाकी जाते आणि कळ्यांच्या टोकाला बारीक चिरा पडतात ज्या डोळ्याला दिसत नाहीत पण कॅमेऱ्यात शंभर टक्क्यावर मोठं करून बघितलं की दिसतात, आणि एजन्सीचा तपासणारा तसंच मोठं करून बघतो. म्हणून आधी साधा गोळा ठेवून लाइट, अँगल, केळीचं पान सगळं लावून घ्यायचं, खिडकीतला उजेड मागून बाजूनं घ्यायचा म्हणजे वाफ काळोख्या पाठीवर दिसते, मग वहिनी गरम मोदक आणून ठेवते आणि तुपाचं बोट अगदी हलक्या हातानं कळ्यांवरून फिरवते. तूप जास्त झालं की तो तळणीचा वाटायला लागतो. वहिनी माहेरची गुहागरची, तिच्या हातच्या कळ्या बारीक आणि सारख्या येतात, आणि मी ठामपणे सांगते की हे फोटो विकले जातात ते त्या कळ्यांमुळे.

फोटो झाला की माझं काम सुरू. अडोबीवर 49 कीवर्ड टाकता येतात आणि पहिल्या दहांना वजन जास्त, म्हणून तिथे विचार करून शब्द लावावे लागतात. मुंबईचा डिझायनर मोदक म्हणून शोधतो, पण बर्लिनमधला कोणी राइस फ्लोअर डम्पलिंग नाहीतर इंडियन स्वीट म्हणून शोधणार, दोघांनाही तोच फोटो सापडला पाहिजे. तारीख पण सांभाळायची. गणपतीचा माल जूनच्या आत वर गेला पाहिजे कारण जाहिराती महिना दोन महिने आधी बनतात. पाडव्याचं तर अजून अवघड, साखरेच्या गाठी दादरला पाडव्याच्या तोंडावरच मिळतात, तेव्हा काढलेला फोटो खरा विकला जातो तो पुढच्या वर्षीच्या पाडव्याला. धीर लागतो.

रिजेक्शन भरपूर. नॉइज (फोटोत दिसणारे दाणे), फोकस, एकसारखे फोटो, ही कारणं समजण्यासारखी आहेत. पण एका एजन्सीनं आमचा चैत्रातल्या हळदीकुंकवाचा फोटो ट्रेडमार्क म्हणून परत केला कारण मागे कुंकवाच्या पुडीवर देवनागरीत अक्षरं होती, तपासणाऱ्याला ती कुठल्यातरी कंपनीचं नाव वाटली असणार. त्यावर वाद घालून आठवडे घालवण्यापेक्षा आम्ही आता कुठलंही अक्षर फ्रेममध्ये येऊच देत नाही, पुड्या सोडून वाटीत काढतो, डबे फिरवून ठेवतो. रस्त्यावर फोटो काढला तर गाडीचे नंबर, दुकानांच्या पाट्या, लोगो हे सगळं एकतर पुसा नाहीतर फोटो एडिटोरियल म्हणून द्या. एडिटोरियल म्हणजे तो बातमी-लेखासाठी चालतो, जाहिरातीला नाही, आणि त्यात काही पुसायचं नाही, जे होतं तेच, सुरुवातीला शहर, देश आणि तारीख.

माणसांचे फोटो असले की रिलीज फॉर्म. ज्याचा चेहरा त्याची सही, लहान मूल असेल तर आईवडिलांची, आणि साक्षीदाराची. सही म्हटलं की आपल्याकडे माणूस लगेच सावध होतो आणि ते बरोबरच आहे. शेजारच्या काकूंना नऊवारीत, नथ घालून, जात्यावर बसवून फोटो काढले, फॉर्म पुढे केला तर त्या म्हणाल्या,

"कुठेही वापरतील म्हणजे कुठे गं?"

"काकू, तेलाच्या जाहिरातीत, बँकेच्या, परदेशातल्या पुस्तकात पण. आपल्याला आधी कळणार नाही."

"आणि आजारबिजार म्हणून लावला माझा फोटो तर?"

हा प्रश्न अगदी योग्य होता. मी त्यांना लायसन्सच्या अटी मराठीत समजावल्या, की माणसाची बदनामी होईल असा वापर एजन्सी करू देत नाही, आजारपण किंवा राजकारण असल्या नाजूक विषयांवर बंधनं असतात, तरी शंभर टक्के खात्री मी देऊ शकत नाही. त्यांनी रात्री मुलाशी बोलून दुसऱ्या दिवशी सही केली. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, फॉर्म आधी मराठीत वाचून दाखवायचा, मग एक रात्र जाऊ द्यायची, मग सही. आणि मॉडेलला पैसे त्याच दिवशी हातात, फोटो विकला जावो न जावो. हे खर्चाचं आहे पण माझ्या मते हा धंद्यातला पहिला खर्च आहे, कॅमेऱ्याच्या आधीचा.

पैशाबद्दल नवीन मुलं नेहमी विचारतात. अमेरिकन एजन्सी असेल तर डब्ल्यू-एट बेन फॉर्म भरायचा, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे टॅक्ससाठी लिहून द्यायचं, त्यात पॅन नंबर टाकायचा, म्हणजे भारत-अमेरिका करारामुळे तिथल्या विक्रीच्या रॉयल्टीवर 30 ऐवजी 15 टक्के टॅक्स कापला जातो, आणि तो कापलेला टॅक्स इथे रिटर्न भरताना त्यासाठीचा वेगळा फॉर्म देऊन क्रेडिट म्हणून मागता येतो, म्हणजे इथल्या टॅक्समधून वजा होतो. बँकेकडून परदेशातून पैसे आल्याचे कागद दर वेळी मागून ठेवा. जीएसटीचं आपल्या सीएला विचारा, परदेशी सेवा असली तरी कागद लागतातच.

खरा आधार मात्र इथल्या क्लायंटचा आहे. दिवाळी अंकवाले, कॅलेंडरवाले, पाठ्यपुस्तकवाले, लोअर परळच्या जाहिरात एजन्सी. एजन्सीकडून सेंटमध्ये मिळतं तेच इथे रुपयात आणि नीट मिळतं, पण इथे कोणी विचारत नाही असा एक मुद्दा आहे तो सगळ्या फोटोग्राफरांनी लक्षात ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 मध्ये असं आहे की कोणी पैसे देऊन तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळं काही लिहून ठरवलं नसेल तर पहिला मालक तो पैसे देणारा, तुम्ही नाही. म्हणून आमच्या प्रत्येक कोटेशनवर मराठीत आणि इंग्रजीत दोन ओळी असतात, कॉपीराइट आमचाच, तुम्हाला वापराची परवानगी, कशासाठी, किती वर्षं, कुठे. उलट हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर भारत. काही क्लायंट म्हणतात एवढं कशाला, व्हॉट्सअॅपवर पाठवून द्या ना. आम्ही हसून कोटेशनच पाठवतो, सही आली की फाइल जाते.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, जुने फोटो फेकू नका. दादानं कितीतरी वर्षं येताजाता काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी आणि बेस्टची डबलडेकर काढून ठेवली होती, कोणी विचारत नव्हतं. 2023 च्या सप्टेंबरमध्ये शेवटची डिझेल डबलडेकर बंद झाली, ऑक्टोबरच्या शेवटी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, आणि त्या आठवड्यांत आमचे एडिटोरियल फोटो असे उठले की मला नीट कळेना कुठे बघू. आता आम्ही ठरवूनच काढतो, जे जाणार आहे ते आधी. चाळी, जिन्यांचे लाकडी कठडे, गॅलरीतले वाळत घातलेले कपडे, सार्वजनिक नळ. आमच्याच आजूबाजूच्या चाळींना रिडेव्हलपमेंटच्या नोटिसा लागल्यात.

एआयबद्दल पण सगळे विचारतात. अडोबी 2022 च्या डिसेंबरपासून एआय फोटो लेबल लावून घेतं, गेटीनं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घ्यायला नकार दिला होता. हस्तांदोलन करणारे सूटवाले, पांढऱ्या बॅकग्राउंडवरची फळं, असला आमचा माल मंदावला हे खरं आहे. पण मशीननं बनवलेल्या मराठी नवऱ्या मी बघितल्यात, नथ उजव्या नाकपुडीत, नऊवारीचा काष्टा मध्येच साध्या निऱ्यांत विरघळलेला, मुंडावळ्या कपाळाऐवजी गळ्यात. मोदकाचे तर मोमो होतात. मला यात हसू येत नाही, कारण उद्या एखादं पाठ्यपुस्तक हेच छापेल आणि मुलं तेच खरं धरतील. म्हणून आम्ही नथ, काष्टा, मुंडावळ्या, मोदक, गुढी हे सगळं जवळून, नीट, आणि बरोबर नावांनिशी काढत राहणार आहोत, आणि प्रत्येक फोटोखाली ते काय आहे, कुठलं आहे, केव्हाचं आहे हे लिहिणार आहोत.

सध्या ससून डॉकच्या कोळणींचं काम चालू आहे, पहाटे जावं लागतं आणि आधी त्यांची ओळख व्हावी लागते, तेव्हा ते सावकाश होईल. दिवाळी अंकवाल्यांनी विषय जुलैच्या आत कळवले तर आम्ही नव्यानं काढून देऊ शकतो, ऑगस्टनंतर गणपतीची कामं लागतात, मग आहेत त्यातूनच निवडावं लागेल.