226 अंशांना अडलेला पेला : माझा अनुभव

भट्टीवाल्यांची ती पिवळी चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. तिच्यावर तीनच चौकटी: कच्ची भाजणी, पक्की भाजणी, ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप). वस्तू किती अंशांपर्यंत जाणार, तिथे किती वेळ राहणार, कशी निवणार, हे लिहायला जागाच नाही. या नसलेल्या चौकटीपायी माझे साडेपाच महिने गेले. कुणी सिरॅमिकचा व्हेपोरायझर करायला घेणार असेल तर त्याचे तरी वाचावेत, म्हणून लिहून काढतेय.

वस्तू काय ते आधी सांगते. वाळलेली सुगंधी पानंफुलं न जाळता एवढीच तापवायची की त्यांतली उडून जाणारी तेलं वाफेच्या रूपात सुटतील, आणि ती वाफ गरम हवेबरोबर नळीतून श्वासात घ्यायची. माझ्याकडे निलगिरी, लव्हेंडर आणि पुदिना असतो. तंबाखू नाही, निकोटीन नाही. निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य सिनिओल 176 अंश सेल्सिअसला उकळतं, लव्हेंडरमधलं लिनालूल 198 ला, पुदिन्यातलं मेंथॉल 212 ला. उकळायच्या आधीही ही द्रव्यं भराभर उडत असतात, त्यामुळे हवा 170 ते 195 च्या दरम्यान ठेवली की भागतं. 230 च्या आसपास पाला करपू लागतो आणि त्यापुढे आपण धूरच घेत असतो. सगळी कसरत या पन्नास-साठ अंशांच्या पट्ट्यात आहे.

धातूच्या पेल्याला तापल्यावर एक वास येतो आणि मला तो सहन होत नाही. म्हणून पोर्सेलीन, म्हणजे चिनी माती. अंगठ्याएवढा पेला, तळाला सात भोकं, बाहेरून नायक्रोमची, म्हणजे वीज दिली की तापणारी तार, तार आणि पेला यांच्यामध्ये अभ्रकाचा पातळ पत्रा. हवा तळातून येते, पेल्याच्या भिंतीला लागून तापते, पाल्यातून वर जाते आणि काचेच्या नळीतून बाहेर पडते. तार पूर्णपणे हवेच्या वाटेबाहेर आहे. या एका गोष्टीवर मी कधीच तडजोड केली नाही. जे तोंडाला लावायचं, त्याच्या वाटेत तापलेली तार नको, डाख नको, गोंद नको.

चित्रं, प्लास्टरचा साचा, त्यात स्लिप (पातळ केलेली माती) ओतणं यात फार अडलं नाही. आकुंचनाचा हिशेब मात्र आधी करा. माझी माती ओली असल्यापासून पक्की भाजून होईपर्यंत 12 टक्के आक्रसते. काचेच्या नळीसाठी 14 मिलिमीटरचं तोंड हवं असेल तर साच्यात ते 15.9 ठेवावं लागतं, म्हणजे 14 भागिले 0.88. चौदाच्या वर बारा टक्के घातले तर 15.7 येतात, तोंड बारीक राहतं आणि नळी बसत नाही.

मग पेले भट्टीला गेले आणि गाडी अडली.

माझी स्वतःची भट्टी नाही. जिथे द्यायचे तिथे भट्टी भरली की लागते, आणि ती भरायला कधी बारा दिवस लागायचे, कधी चोवीस. पहिले आठ पेले घरी आले तेव्हा मी ते खिडकीत ओळीने मांडले होते. पांढरेशुभ्र, टिचकी मारली की स्वच्छ नाद. जोडणी केली, तापमान सांभाळणारा कंट्रोलर लावला, 190 ला हवा स्थिर झाली. चौथ्या की पाचव्या वेळी तापवताना आतून 'टिंग' असा बारीक आवाज आला. बाहेरून काहीच दिसेना. पेला काढून दोऱ्याला टांगला, लाकडी काडीने वाजवला, तर बद्द आवाज. लाल शाई लावून पुसली तेव्हा गळ्याभोवती केसाएवढी रेघ उमटली, जवळजवळ पूर्ण वेढा घेतलेली.

(मडकं वाजवून घ्यावं म्हणतात ते अक्षरशः पाळा. आजही प्रत्येक पेला मी तापवण्याआधी आणि निवल्यानंतर वाजवून बघते. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला लगेच कळते.)

माझा पहिला संशय पेल्याच्या गळ्यात बसवलेल्या स्टीलच्या कड्यावर गेला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. स्टेनलेस स्टील एका अंशाला मीटरमागे सुमारे 17 मायक्रॉन वाढतं, पोर्सेलीन पाच-सहा. 14 मिलिमीटरच्या कड्यावर 200 अंशांचा फरक पडला की दोघांच्या वाढीत तीन शतांश मिलिमीटरचं अंतर येतं, आणि कडं आत घट्ट बसवलेलं असेल तर ते पेल्याला आतून फोडतं. म्हणून कडं सैल केलं. पेला तडकला. कडं बाहेरून घातलं. तडकला. कडंच काढून टाकलं आणि नुसता पेला तारेवर तापवला. तोही तडकला, फक्त दोन दिवस उशिरा.

दुसरा संशय भिंतीच्या जाडीवर. नवा साचा, दोन मिलिमीटरची एकसारखी भिंत, पुन्हा भट्टीची रांग, पुन्हा एकोणीस दिवस. तेही तडकले.

तेव्हा मी भट्टीवाल्यांना पहिल्यांदा विचारलं की पेले नेमके किती अंशांना भाजले, आणि माथ्याला, म्हणजे सगळ्यात जास्त तापमानाला, किती वेळ धरले. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "पक्की भाजणी म्हणजे पक्की भाजणी, मॅडम. सगळ्यांच्या वस्तू एकत्रच जातात." मी भाजणीचा आलेख मागितला. तो अंतर्गत असतो, असं उत्तर आलं. ईमेल केला, उत्तर नाही. परत गेले तेव्हा त्यांनी मला मदत म्हणून एक गोष्ट सुचवली, आणि त्याचाच मला आजही सगळ्यात जास्त राग आहे. पेले कच्चे राहिले असतील, द्या, परत एकदा भाजून देतो, म्हणाले. मी उरलेले सहा विश्वासाने दिले. बावीस दिवसांनी परत आले आणि आधीपेक्षा लवकर फुटले, दुसऱ्याच वेळी.

दोनदा भाजलेली वस्तू आणखी पक्की व्हायला हवी. ती आणखी नाजूक का झाली, या एका प्रश्नाने मला मार्गावर आणलं.

पंखे, तार, कंट्रोलर सगळं बाजूला ठेवून मी एक साधा प्रयोग केला. ओव्हनमध्ये पेला, त्याला चिकटून थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार. 150 पर्यंत हळूहळू तापवला आणि निववला, असं दहा वेळा. काही झालं नाही. मग 200 पर्यंत, दहा वेळा. नाद स्वच्छ. मग 240 पर्यंत. मी ओव्हनपाशी स्टूल टाकून आकड्यावर नजर ठेवून बसले होते. 231 दिसत असताना 'टिंग' झालं. दुसरा पेला तापताना शाबूत राहिला आणि निवताना, 220 च्या खाली उतरता उतरता वाजला. दर वेळी तेच ठिकाण.

मातीत गारगोटीची पूड असते, म्हणजे सिलिका. तिच्या रूपबदलाबद्दल कुंभारकाम शिकताना 573 हा आकडा सगळ्यांच्या डोक्यात बसवला जातो, कारण त्या तापमानाला क्वार्ट्झचा, म्हणजे सिलिकाच्या नेहमीच्या रूपाचा, आकार एकदम बदलतो आणि घाईने भाजलेली भांडी तडकतात. माझा पेला कधीच 573 च्या जवळपासही जात नव्हता. पण सिलिकाचं दुसरंही एक रूप असतं, क्रिस्टोबलाइट. माती माथ्याच्या तापमानाला फार वेळ राहिली आणि तिच्यात सिलिकाला विरघळवून काच करणारं फेल्डस्पार हे खनिज कमी पडलं, की मोकळ्या सिलिकाचं क्रिस्टोबलाइट होतं. पुन्हा भाजलं की ते आणखी वाढतं. आणि या क्रिस्टोबलाइटची उडी 226 अंशांच्या आसपास होते. तापताना एकदम फुगतं, निवताना एकदम आक्रसतं.

पेल्यातली हवा 190 ला होती हे खरं, पण हवेला 190 ला न्यायचं तर भिंत तीस-चाळीस अंश जास्त तापलेली असावी लागते. म्हणजे माझं यंत्र दर वापरात पेल्याच्या भिंतीला 226 वरून एकदा वर आणि एकदा खाली नेत होतं. चहाच्या मगाला हे कधीच सोसावं लागत नाही, उकळतं पाणी शंभरालाच थांबतं. उलट मगाला थोडं क्रिस्टोबलाइट फायद्याचं असतं. निवताना ते आक्रसून ग्लेझला सगळीकडून दाबून धरतं आणि ग्लेझला जाळी पडत नाही. त्यामुळे त्या भट्टीची पद्धत त्यांच्या मगांसाठी बरोबरच होती. माझी तक्रार एवढीच आहे की विचारल्यावर सांगायला हवं होतं. शेवटी भट्टी लावणाऱ्या माणसालाच मी मागच्या दाराशी गाठलं. त्याने अर्ध्या मिनिटात सांगितलं, "1260, आणि वर दीड तास धरतो." या एका वाक्यासाठी मी चार महिने थांबले होते.

पुढचं सगळं तीन आठवड्यांत उरकलं. फेल्डस्पार जास्त असलेली पोर्सेलीनची माती घेतली, दुसऱ्या भट्टीवाल्याकडे गेले आणि चिठ्ठीच्या मागच्या बाजूला हाताने लिहिलं: 1230 अंश, माथ्याला दहा मिनिटं, पुन्हा भाजू नये. त्याने वाचून मान डोलावली. त्या खेपेचे पाच पेले ओव्हनमध्ये 250 पर्यंत तीस-तीस वेळा नेऊन आणले. पाचही अजून वाजतात. तिसाव्या वेळी ओव्हनचं दार उघडलं तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि पाचवा नाद ऐकल्यावर मी खाली जमिनीवर बसून घेतलं.

बाकीच्या गोष्टी आठवतील तशा सांगते.

पेला आतून ग्लेझ करू नका. नीट भाजलेलं पोर्सेलीन ग्लेझशिवायही पाणी शोषत नाही. खात्री करायची तर कोरडा पेला वजन करा, पाच तास उकळा, चोवीस तास त्याच पाण्यात ठेवा, बाहेरून पुसून परत वजन करा. माझ्या पेल्याचं वजन काट्यावर हललंच नाही.

तारेची टोकं डाख देऊन जोडू नका. नेहमीचा शिसं-कथिलाचा डाख 183 अंशांना वितळतो, बिनशिशाचाही 217 च्या पुढे. सुट्या तारा धातूच्या बारीक नळकांडीत दाबून जोडायच्या. थर्मल फ्यूज (जास्त तापलं की वीज तोडणारा) लावल्याशिवाय एकदाही चालू करू नका, कंट्रोलरवर कितीही भरवसा असला तरी.

बाहेरून उष्णता अडवायला सिरॅमिकच्या तंतूंची पांढरी लोकर अनेक जण सुचवतात. हवेच्या वाटेजवळ ती आणूच नका. तिचे तंतू तुटून उडतात आणि फुफ्फुसात जातात. मी दोन कवचांमध्ये नुसती हवेची पोकळी ठेवली आहे, बाहेरचं कवच हातात धरवतं. पेल्याची कडा घासायची तर पाण्याखालीच घासा. सिलिकाची कोरडी धूळ सिलिकोसिस हा फुफ्फुसांचा आजार देते, आणि कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1997 सालीच तिला कर्करोगकारक ठरवलं आहे. श्वासासाठी यंत्र बनवताना स्वतःची फुफ्फुसं घालवण्यात काय अर्थ.

पेल्यात फक्त पाला. बाटलीतलं तेल ओतू नका, कुणी कितीही सांगितलं तरी. 2019 साली अमेरिकेत व्हेपिंगमुळे अडीच हजारांहून जास्त लोक फुफ्फुसांना इजा होऊन इस्पितळात गेले, आणि त्यात मुख्य संशय व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट या तेलकट पदार्थावर होता. जे खाल्लं तर चालतं ते तापवून ओढलं तर चालेलच असं नाही. दमा असलेल्या माणसाने तर या यंत्रापासून लांबच राहावं, माझ्या बहिणीला मी ते हातातही देत नाही.

हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: काही देशांत गरम करून श्वासात घ्यायची उपकरणं बनवणं किंवा विकणं कायद्याने बंद आहे, निकोटीन नसलं तरी. साचा करायच्या आधी कायदा वाचा.

आणि भट्टीला वस्तू देताना चिठ्ठीवर जागा नसली तरी लिहा. अंश, माथ्यावरची मिनिटं, दुसऱ्यांदा भाजायचं की नाही. त्याचा फोटो काढून ठेवा. त्यांनी लिहू दिलं नाही तर वस्तू उचला आणि घरी या.

माझे दुसऱ्या खेपेचे तीन पेले अजून त्या पहिल्या भट्टीत फळीवर पडून आहेत. दोनदा निरोप पाठवला. मला ते हवेत, कारण ते एकदाच भाजलेले आहेत, आणि एकदा भाजलेला पेला नेमका कितव्या फेरीला तडकतो हे मला ओव्हनपाशी बसून मोजायचं आहे.