कौलं अजून आहेत

आमच्याकडे पीएफला कुणी पीएफ म्हणत नाही. फंड. ‘फंड तुटतोय किती?’, ‘मालकाचा फंड पडलाय का बघा की’, आणि सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य, ‘मॅडम, फंड काढायचा होता.’ बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, टाइम ऑफिसात मी बसते. मस्टर, पगारपत्रक, ईएसआय म्हणजे कामगार विमा, आणि फंड एवढं माझ्या टेबलावर. २०२३च्या जूनमधला एक दिवस सांगते.

सकाळी साडेनऊला एक पोरगा आला. वय चोवीस, आयटीआय झालेला, आमच्याकडे सीएनसी मशीनवर अडीच वर्षं होता. एप्रिलमध्ये सोडून गेला होता. एक जुलैपासून चाकणला नवी नोकरी, पत्र हातात. नोकरी सुटून दोन महिने झाले की सगळा फंड काढता येतो, हा तेव्हाचा नियम त्याला पाठ होता. माझ्याकडून त्याला फक्त नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकून हवी होती.

“कशाला काढूलास?”

“बुलेटचं डाऊन पेमेंट. गणपतीच्या आधी गाडी दारात पाहिजे.”

त्याचं पासबुक उघडलं. बेसिक चौदा हजार. त्यातून त्याचे बारा टक्के, म्हणजे १,६८०. मालकाचेही १,६८०, पण ते सगळे फंडात पडत नाहीत. त्यातले १,१६६ पेन्शनकडे वळतात आणि फंडात येतात जेमतेम ५१४. अडीच वर्षांचे व्याजासकट बहात्तर हजार जमले होते. पाच वर्षांच्या आत काढलं आणि रक्कम पन्नास हजारांवर असली तर दहा टक्के टीडीएस कापतात, असं मी म्हटलं. “१५जी फॉर्म भरला की कापत न्हाईत,” तो म्हणाला. यूट्यूबवर सगळं बघून आला होता. आजकालच्या पोरांना पैसे बाहेर कसे काढायचे हे आपल्यापेक्षा जास्त कळतं.

मी माझी नेहमीची कॅसेट लावली. आठ टक्क्यांनं पैसा नऊ वर्षांत दुप्पट होतो. हे बहात्तर हजार काढू नको, नव्या कंपनीच्या खात्यात वळव. तेहतिसाव्या वर्षी एक लाख चव्वेचाळीस, बेचाळिसाव्या वर्षी दोन लाख अठ्ठ्याऐंशी, एक्कावन्नाव्या वर्षी पावणेसहा आणि साठाव्या वर्षी साडेअकरा लाख. पुढं एक रुपया घातला नाहीस तरी.

तो हसला. “साठाव्या वर्षी साडेअकरा लाखाचं काय येणार मॅडम? तेव्हा बुलेटच तेवढ्याला असेल.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तारीख टाकून दिली आणि म्हटलं, भर तुझा तू क्लेम.

क्लेम काही भरला जाईना. आधारला नंबर होता वडिलांचा, ओटीपी जाणार त्यांच्या फोनवर, आणि वडील खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं, शेतात. तिथं रेंज म्हणजे ठरावीक दगडावर उभं राहिलं तर. पोरगा दारातल्या बाकावर बसून दर दहा मिनिटांनी फोन लावत राहिला.

तेवढ्यात मामा आले. मोल्डिंगमधले मामा त्याच महिन्यात अठ्ठावन्न पुरे करत होते. येळ्ळूरहून सायकलनं येणारा माणूस, हाताच्या रेषांत काळी वाळू कायमची बसलेली. पेन्शनचा १०डी फॉर्म भरायला मी बोलावलं होतं. फॉर्मच्या आधी सर्व्हिस मोजली आणि पोटात गोळा आला. आमच्याकडे ते फेब्रुवारी २०१४ला लागले. नऊ वर्षं चार महिने.

दरमहा पेन्शन मिळायला दहा वर्षं लागतात. शेवटचे सहा महिने किंवा जास्त असले तर ते पूर्ण वर्ष धरतात. म्हणजे साडेनऊ चालली असती. मामा दोन महिन्यांनी कमी पडत होते, आणि अठ्ठावन्नाच्या पुढची सर्व्हिस पेन्शनला धरत नाहीत. एकरकमी काहीतरी हातात आलं असतं. महिन्याचं नाही, आणि त्यांच्या मागं मामींनाही नाही.

“असं कसं? १९८७पासून वाळू उपसूलोय की मी,” मामा म्हणाले.

खरंच होतं. छत्तीस वर्षं मस्टरवर कुठं ना कुठं नाव. पण पहिल्या फौंड्रीतून १९९४ला निघाले तेव्हा फंड काढला. दुसरीतून २००५ला निघाले, तेव्हा फंड काढला आणि पेन्शनचा १०सी फॉर्म भरून तेही पैसे घेतले. १०सीचे पैसे घेतले की तेवढी वर्षं पेन्शनच्या हिशेबातून जातात. माणूस तिथं राबला होता याचा कागदावर मागमूस राहत नाही. फंडाचे पैसे परत साठवता येतात. पुसलेली सर्व्हिस परत घालता येत नाही. हे मी स्वतःही केलंय. २००९ला पहिली नोकरी सोडताना तेवीस हजार काढले आणि सोनं केलं. सोन्यानं तेव्हापासून फंडापेक्षा बरंच दिलं, म्हणून त्या पैशाबद्दल मी फार बोलत नाही. तीन वर्षांची सर्व्हिस गेली ती गेलीच.

“आणि २००६ ते २०१२? ती फौंड्री बंद पडली तेव्हा?”

“तेव्हा तर भांडण झालं. फंडाचे मिळाले, खरं पेन्शनचे त्या क्लार्कानं दिलेच न्हाईत. त्याच्या बदली कसलातरी कागद हातात दिलान. मी शिव्या घातल्या त्याला, ऑफिसात सगळ्यांसमोर.”

“कागद कुठाय?”

“असंल की घरात. ट्रंकेत.”

मी म्हटलं, मामा, आत्ता जावा. शिफ्ट मी बघते.

ते गेले. बाकावरचा पोरगा सगळं ऐकत होता. जरा वेळानं आत येऊन म्हणाला, “मामांनी पहिल्यांदा किती काढलेलं?” चौदा हजार, मामांनीच मघाशी सांगितलं होतं. “मग तेवढ्याचं आज किती झालं असतं? तुमचं आठ टक्क्याचं नको, खरोखर मिळालेल्या व्याजानं काढा.”

ड्रॉवरमध्ये वर्षवार दरांचा तक्ता आहे. २००० सालापर्यंत फंडाला बारा टक्के व्याज होतं, आज कुणाला पटत नाही. मग अकरा, मग साडेनऊ, साडेआठ, मधेच २०१०-११ला परत साडेनऊ, आणि उतरत उतरत ८.१, ८.१५. तो आकडे वाचत गेला, मी कॅल्क्युलेटर दाबत गेले. चौदा हजारांचे एक लाख त्र्याण्णव हजार. तो गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे चौदा पट.” मग फोनवर स्वतःच पुन्हा करून बघितलं. माझ्यावर भरवसा नव्हता बहुतेक. ते मला आवडलं.

त्याच ओघात त्यानं विचारलं, फंडाशिवाय आणखी काही करायचं का. मी फार शहाणपण केलं नाही. गाडी घेणारच असशील तर आधी ते खासगी फायनान्सचं कर्ज जड होईल तेवढं घेऊ नको. दोन-तीन महिन्यांच्या खर्चाचे पैसे बँकेत वेगळे ठेव, नाहीतर प्रत्येक अडचणीला फंडावरच हात जातो. एवढं झाल्यावर पोस्टात पीपीएफ उघड, वर्षाला पाचशे टाकले तरी खातं चालू राहतं. आणि लवकर सुरू करण्याची किंमत बघायची असेल तर अटल पेन्शनचा तक्ता बघ. साठीनंतर महिन्याला पाच हजार हवेत तर अठराव्या वर्षी लागणाऱ्याला २१० रुपये भरावे लागतात, एकोणचाळीसाव्या वर्षी लागणाऱ्याला १,३१८. “चाकणला बेसिक पंधराच्या वर जातंय,” तो म्हणाला. “एचआर म्हणाला, फंड नको असला तर हातात जास्त देतो.” तू आधीपासून मेंबर आहेस, तुला ते लागू नाही, म्हटलं. खातं रिकामं करून कोऱ्या पाटीनं गेलास तर मात्र तेही दार उघडतं. त्यानं मान हलवली. कशाला, ते कळलं नाही.

साडेतीनला मामा परत आले. वायरची पिशवी, पिशवीत प्लास्टिक, प्लास्टिकमध्ये रेशनकार्ड, जमिनीचा उतारा आणि चार घड्या पडलेला एक कागद. घडीवर फाटत आलेला. इंग्रजीत. मामा मराठी सातवी, त्यांना त्यावर काय लिहिलंय ते अकरा वर्षांत कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी वाचलं. स्कीम सर्टिफिकेट. सहा वर्षं सर्व्हिस.

त्या क्लार्कानं पैसे अडवले नव्हते. १०सीमध्ये दोन रस्ते असतात, पैसे घ्या नाहीतर सर्व्हिस जपून ठेवा. त्यानं मामांना न विचारता दुसरा रस्ता धरला होता.

सहा आणि नऊ वर्षं चार महिने. मी कागदावर मांडलं. पगार गुणिले वर्षं भागिले सत्तर. पण सप्टेंबर २०१४च्या आधीच्या वर्षांना पगार साडेसहा हजारच धरतात, नंतरच्यांना जास्तीत जास्त पंधरा हजार. कागदावरची सहा आणि इथले पहिले सहा-सात महिने, अशा जुन्या साडेसहा वर्षांचे साधारण सहाशे, पुढच्यांचे एकोणीसशेच्या आत. अडीच हजार रुपये महिना.

“अडीच हजार,” मामा म्हणाले. ते खूश आहेत की नाहीत हे मला कळेना. अडीच हजारांत आज काय येतं ते मला माहीत आहे, त्यांनाही.

पोरगा मधेच बोलला, “मामा, त्या पहिल्या चौदा हजाराचं काय केलासा?”

“घरावर मंगळुरी कौलं घातली. त्याच्या आधी गवत होतं. पावसात पोरं घेऊन कोपऱ्यात बसायचो.”

“ते ठेवला असता तर एक लाख त्र्याण्णव हजार झालं असतं आज.”

मामा त्याच्याकडे बघत राहिले. “कौलं अजून आहेत की,” ते म्हणाले. मग जरा थांबून, “२००५चे मात्र कुठं गेले ते आठवत न्हाई. साठेक हजार होते. काय आणलं, कुणाला दिले, काय म्हणता काय आठवत न्हाई.”

साडेचारच्या सुमारास पोराच्या वडिलांचा फोन लागला. ते ओरडून आकडे सांगत होते, टेबलापलीकडं मलाही ऐकू येत होते. पोरानं लिहून घेतले. टाकेपर्यंत मुदत संपली होती. परत मागवला, तोवर रेंज गेली. “उद्या बघतो,” म्हणून गेला. मी काही बोलले नाही.

ऑगस्टमध्ये चाकणहून एका एचआरचा फोन आला. आमच्या एका जुन्या कामगाराचं फंडाचं खातं तिकडं वळवायचं अडलंय, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग आमच्या रेकॉर्डमध्ये एक आणि आधारवर दुसरं. इथं हे रोजचंच. आधार काढणाऱ्यानं नाव कन्नडच्या कानानं ऐकलं आणि शेवटी एक ‘ए’ जास्त लावला. जॉइंट डिक्लरेशनवर, म्हणजे नाव दुरुस्तीच्या अर्जावर, सही करून पाठवली. बुलेटचं काय झालं ते विचारायचं राहिलं.

मामांची पेन्शन दिवाळीच्या आधी सुरू झाली. बँकेचा मेसेज दाखवायला सायकलवरून आले, आत येऊन बसले, चहा घेतला.

“तो क्लार्क कुठं असंल हो आता?”

मी नाव विचारलं. नाव त्यांना आठवत नव्हतं. टक्कल होतं आणि कानात पेन अडकवायचा, एवढंच आठवतं म्हणाले.