लेकीचा पहिला फोन आणि आण्णांचा रोजमेळ

तेरावं वर्ष लागलं की फोन देऊ, असा शब्द आम्ही लेकीला दिला होता. इथे जर्मनीत, आमच्या शहरात बरीच मुलं शाळेत एकटीच ट्रामने जातात, त्यामुळे फोन लागतोच. गेल्या शरदात आम्ही तिघं दुकानात गेलो. तिची नजर थेट एका पाटीवर गेली: फोन फक्त 1 युरोत. खाली बारीक अक्षरात 24 महिन्यांचा करार, महिना 25 युरो. तिथेच उभ्या उभ्या तिला गुणाकार करायला लावला. 600 युरो! ती गप्प झाली, पण मन त्या पाटीवरच होतं.

त्या रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल केला. आण्णा म्हणजे माझे वडील. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात त्यांनी आयुष्यभर दिवाणजी म्हणून किर्द-खतावणी लिहिली. त्यांनी नातीला एकच विचारलं, "फोनचं खाणंपिणं कोण बघणार?" तिला काही कळेना. मग म्हणाले, "बाळ, म्हस घेताना समदी दूध बघत्यात. वैरण कुणाच्या खिशातनं जाणार, ते आधी ठरवायचं."

आमच्या घरात पुढचं सगळं त्या वाक्यावर ठरलं. फोन आमचा, वैरण तिची.

फोन निवडायला इथे एक चांगली सोय झाली आहे. 20 जून 2025 पासून युरोपीय संघात नव्या फोनवर एक लेबल असतं. एका चार्जमध्ये फोन किती वेळ चालतो, पडला तर किती टिकतो, दुरुस्तीला किती सोपा आहे आणि बॅटरी किती वेळा चार्ज केल्यावरही दम धरून राहील, हे त्यावर लिहिलेलं असतं. त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही निदान 5 वर्षं सॉफ्टवेअर अपडेट द्यायचं बंधनही कंपन्यांवर आलं. आम्ही कॅमेऱ्याआधी हे लेबल वाचलं आणि 240 युरोंचा साधा, पण दुरुस्त होणारा फोन घेतला. 5 वर्षं धरली तर महिन्याला 4 युरो पडतात.

आता वैरण. प्रीपेड पॅक 10 युरोंचा, 28 दिवसांचा. तिने वर्षाचे 120 लिहिले. मी म्हटलं, कॅलेंडर घे आणि एकेक खूण कर. वर्षात रिचार्ज 12 नाही, 13 होतात. तुमच्याकडे भारतातही 28 दिवसांचे पॅक आहेत, त्यामुळे ही मोजणी घरी जरूर करून बघा. म्हणजे 130 युरो, आणि 5 वर्षांचे 650. म्हशीपेक्षा वैरण अडीच पटींहून महाग! हा आकडा तिने स्वतः काढला, म्हणूनच तो तिच्या मनात बसला. मी दहा वेळा सांगून बसला नसता.

तिला महिन्याला 30 युरो पॉकेटमनी मिळतो. इथल्या दिवाणी संहितेत त्यावर एक कलम आहे, 110 वं. सात वर्षं पूर्ण झाल्यापासून अठरा पूर्ण होईपर्यंत मुलांनी आईवडिलांच्या संमतीशिवाय केलेला करार एरवी पक्का होत नाही. पण मनासारखे खर्च करायला दिलेल्या पैशातून मुलाने पूर्ण रक्कम चुकती केली, तर तो व्यवहार सुरुवातीपासून ग्राह्य. उधारीची वस्तू मात्र यात बसत नाही. मला हे कलम फार आवडतं. हातात आहे तेवढ्यात मूल मोकळं, त्यापलीकडे नाही.

आण्णांनी तिला रोजमेळ, म्हणजे रोजचा जमाखर्च लिहायला शिकवला. डावीकडे जमा, उजवीकडे नावे म्हणजे खर्च, वर आरंभीची शिल्लक, खाली अखेरची. मी एखादं ॲप सुचवलं होतं, पण आण्णा वहीवर अडून बसले आणि त्यांचंच बरोबर होतं. नाव्याच्या बाजूला स्वतःच्या हाताने "चॉकलेट, 2 युरो 50" लिहिताना पेन थोडा थांबतो. ॲपमध्ये तो थांबत नाही.

तिसऱ्या महिन्यात व्हायचं ते झालं. साठवलेल्यातून तिने 50 युरोंचे इअरबड घेतले आणि आठवड्याने फोन ट्रामच्या पायरीवर आपटला. काच बदलायला 80 युरो, वहीत शिल्लक 20. मला रडू दिसलं आणि माझा हात पर्सकडे गेला, हे खरं सांगते. पण नवऱ्याने मान हलवली. रविवारी आण्णा म्हणाले, "उचल दे तिला. पर लिव्हून." उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, हे सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. ऊसतोडीच्या टोळ्या हंगामाआधी उचल घेतात आणि मग हंगामभर ती फेडण्यातच जाते, हे आण्णांनी नातीला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग 60 युरोंची उचल, महिना 10 ची फेड, अशी नोंद तिने स्वतःच केली.

माझा भाचा यंदा दहावी झाला. सांगलीच्या विश्रामबागेतून वहिनीचा फोन आला: "वन्सं, त्याला मोबाईल नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? व्याज काही नाही म्हणे." वहिनी, आण्णांना हळदीची हिशोबपट्टी विचारा. वर मोठी रक्कम, मग हमाली, तोलाई, आणि शेतकऱ्याच्या हातात पडतं ते खालच्या ओळीत. ईएमआयलाही खालची ओळ असते. प्रोसेसिंग फी किती, व्याजावरचा जीएसटी किती, आणि रोखीने घेतल्यावर मिळणारी कोणती सूट हातची जाते, हे विचारा. बिनव्याजी हप्ता ही गोष्टच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सांगितलं होतं.

आणि पोराला तुमचा यूपीआय पिन देऊ नका. 2024 मध्ये यूपीआय सर्कल आलं आहे. त्यात तो पैसे देतो तेव्हा विनंती तुमच्या फोनवर येते आणि तुम्ही पिन टाकल्यावरच पैसे जातात. भरवसा बसला की महिन्याची मर्यादा घालून मोकळीक देता येते. ती जास्तीत जास्त 15,000 रुपयांपर्यंत जाते, पण शाळकरी पोराला 1,000 सुद्धा पुष्कळ.

वेळेचं म्हणाल, तर तो धडा आपल्याच सांगली जिल्ह्यात आहे. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि गाव दीड तास फोन-टीव्ही बाजूला ठेवतं. आमच्याकडे भोंगा नाही. पण 7 वाजता तिघांचे फोन स्वयंपाकघरातल्या फडताळावर जातात, माझाही. माझा जात नव्हता तोवर तिचाही गेला नाही.

परवाच्या रविवारी तिने कॅमेऱ्यासमोर वही धरली. आण्णांनी चष्मा वर सरकवून खालची ओळ वाचली.

"शिल्लक 14. आणि उचल?"

"फिटली, आजोबा."

"मग तिथं आडवी रेघ मार, आन् तारीख घाल."

तिने पट्टी घेतली आणि रेघ मारली.