सोलापूरचं ऊन, केबलची छत्री आणि स्टर्लिंग इंजिन

मे महिन्यात पारा 43 वर गेला की सोलापुरात कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढं ऊन वाया चाललंय, वीज तरी काढा की ओ यातनं." गच्च्यांवर पॅनेल आले, तरी हे वाक्य काही गेलं नाही.

माझं लेथचं वर्कशॉप अक्कलकोट रोड एमआयडीसीत. लूमचे सुटे भाग हा रोजचा धंदा. पण फेब्रुवारी लागला की इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्ट घेऊन येतात आणि त्यात एका तरी ग्रुपच्या हातात स्टर्लिंग इंजिनाचं ड्रॉइंग असतंच. स्कॉटलंडच्या रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या पाद्रीबुवांनी 1816 मध्ये पेटंट घेतलेलं हे इंजिन. आत कोंडलेली हवा एका टोकाला तापते, दुसऱ्या टोकाला गार होते; फुगते, आकसते आणि पिस्टन हलवते. आत स्फोट नाही, धूर नाही. उष्णता बाहेरून द्यायची; ती लाकडाची असो की उन्हाची, इंजिनाला देणंघेणं नाही. स्वीडनने ते पाणबुडीत बसवलं, कारण आवाज जवळजवळ नाहीच.

यंदाच्या पोरांनी एका केबलवाल्याच्या गच्चीवर गंजत पडलेली सहा फुटी छत्री, म्हणजे डिश अँटेना, उचलून आणली. काचवाल्याकडून आरशाचे दोन-दोन इंची तुकडे कापून घेतले आणि सिलिकॉनने चिकटवले. फोकस, म्हणजे सगळं ऊन एकवटतं ती जागा, काढायचा हिशेब सोपा आहे: व्यासाचा वर्ग, भागिले खोलीची सोळापट. व्यास 180 सेंटिमीटर, खोली 30, म्हणजे फोकस तळापासून 67.5 सेंटिमीटरवर. तिथे फळी धरली की आधी धूर, मग जाळ. पोरं खूश!

खरी गंमत पुढे असते. आरशाचा तुकडा सपाट, त्यामुळे तो जेवढा, तेवढा तरी ठिपका पडणारच. सुईच्या टोकाएवढा फोकस पुस्तकात. शिवाय सूर्य चार मिनिटांत एक अंश सरकतो, म्हणजे आमच्या छत्रीत ठिपका जवळजवळ 1.2 सेंटिमीटर हलला. एकाने सतत छत्री फिरवत बसायचं. आणि इंजिनाचं दुखणं वेगळंच. पिस्टनला रिंग घातली तर घासण्यातच ताकद जाते, नाही घातली तर हवा गळते. शेवटी रिंगशिवाय, अगदी जेमतेम फटीत बसणारा पिस्टन काढून दिला. चाक फिरलं, छोट्या मोटरला जोडलं, एक एलईडी पेटला. छत्रीवर पडत होतं दोनेक किलोवॉटचं ऊन! "काका, पंखा चालंल का ओ?" एकाने विचारलं. मी चहा मागवला.

नीट बांधलेल्या यंत्राची गोष्ट निराळी. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत 31 जानेवारी 2008 ला अशा डिश-स्टर्लिंगने पडलेल्या उन्हातलं 31.25 टक्के विजेत बदलून ग्रिडला दिलं. आपल्या गच्चीवरचं पॅनेल साधारण 20 टक्क्यांच्या आसपास असतं. पण तारीख बघा: जानेवारी. दिवस लख्ख आणि कडाक्याच्या थंडीचा होता. इंजिन चालतं ते गरम टोक आणि गार टोक यांच्यातल्या फरकावर, आणि गार टोकाला आपली 43 अंशांची हवा लावली की तेवढी ताकद कमी. म्हणजे आपला मे महिना या यंत्राला तितकासा मानवणारा नाही. जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतलं थंड हवेतलं स्वच्छ ऊन त्याला जास्त चालेल. त्यात आरशाला लागतो सूर्याकडून थेट आलेला किरण. धुरकट किंवा ढगाळ हवेत विखुरलेला उजेड पॅनेलला थोडाफार तरी उपयोगी पडतो, छत्रीला शून्य.

ॲरिझोनात 2010 मध्ये अशा 60 छत्र्या उभ्या राहिल्या; सगळ्या मिळून 1.5 मेगावॉट. (आपल्या फताटेवाडीचं एनटीपीसीचं कोळशाचं वीज केंद्र 1320 मेगावॉटचं.) इंजिनात हवेऐवजी हायड्रोजन, आणि हायड्रोजन कुठल्याही सीलमधून वाट काढतो. तोवर पॅनेलचे भाव धडाधड कोसळले आणि 2011 मध्ये त्या छत्र्या बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. ज्यात काही फिरत नाही, घासत नाही, गळत नाही, त्याच्यापुढे फिरणारं यंत्र विजेच्या भावात टिकणं अवघड. लेथवाल्याला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

म्हणून माझं म्हणणं, सोलापुरात छत्रीकडून वीज मागूच नका, गरम पाणी मागा. आपल्या चादरी-टॉवेलचं सूत रंगवायला रिॲक्टिव्ह रंगाला 60 ते 80 अंश लागतात, सूत उकळून घ्यायला शंभरच्या जवळ. एवढ्यासाठी बॉयलरमध्ये लाकूड नाहीतर ब्रिकेट (भुसा दाबून केलेले ठोकळे) जळतं. इथे ना पिस्टन, ना सील. पडलेल्या उन्हातली अर्ध्याहून जास्त उष्णता पाण्यात उतरते. आयआयटी मुंबईच्या शिरीष केदारे यांच्या कामातून तयार झालेली 160 चौरस मीटरची 'अरुण' डिश शेजारच्या लातूरला दूध डेअरीत दूध तापवायला बसवली होती. शिर्डीच्या प्रसादालयात 73 डिशांच्या वाफेवर स्वयंपाक होतो. आणि मुंबईत विल्यम ॲडम्स नावाच्या हायकोर्टातल्या इंग्रज अधिकाऱ्याने 1878 च्या सुमारास कुलाब्यात सपाट आरसे मांडून अडीच हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन चालवून दाखवलं होतं! लोकांना वाटतं हे सगळं कालपरवाचं.

ओळखीच्या एका डाय-हाउसवाल्याकडे, म्हणजे सूत रंगवणाऱ्या कारखानदाराकडे, हे सगळं बोललो. त्यांनी पहिला प्रश्न बरोबर विचारला, "मिस्त्री, पावसाळ्यात काय?" म्हटलं, बॉयलर काढू नका, उन्हाच्या दिवसांत लाकूड वाचवू. ते पटलं. गाडी अडली जागेवर. पत्र्याच्या शेडवर एवढी छत्री ठेवता येत नाही, वाऱ्यात शिडासारखी ओढ बसते. मोकळी जागा एकच, जिथे बांबूंवर रंगवलेल्या लड्या वाळतात, आणि छत्रीची सावली नेमकी त्यांच्यावर पडणार. आता मागच्या पाण्याच्या टाकीवर लोखंडी सांगाडा पेलेल का, हे बघायला एका स्ट्रक्चरल इंजिनिअरला घेऊन जायचं ठरलंय.