दोन साहेब आणि एक टेस्ट बे

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ट्रान्सफॉर्मरच्या टेस्ट लॅबमध्ये आहे मी. आमच्याकडे मॅट्रिक्स, म्हणजे एका माणसाला दोन साहेब अशी रचना, आली तेव्हा एचआरने स्लाइडवर दोन रेघा दाखवल्या, क्वालिटी हेडकडे सॉलिड लाइन (मुख्य साहेब), प्रोजेक्ट मॅनेजरकडे डॉटेड (कामापुरते साहेब). दोघांचं जुंपलं तर शेवटचा शब्द कोणाचा हे काही कुठल्या स्लाइडवर नव्हतं, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच.

त्या दिवशी बेवर, म्हणजे टेस्टिंगच्या जागेवर, एका प्रोजेक्टची हीट रन, म्हणजे ट्रान्सफॉर्मर किती तापतो ते बघायची टेस्ट, रात्रीपासून चालू होती. यात तेलाचं तापमान वाढायचा वेग तासाला एक डिग्रीच्या खाली यावा लागतो आणि तसाच तीन तास टिकावा लागतो, मधेच सप्लाय बंद केला की सगळं पहिल्यापासून. सकाळी दुसरे प्रोजेक्ट मॅनेजर कस्टमरच्या इन्स्पेक्टरला घेऊनच हजर, म्हणे आमची इम्पल्स टेस्ट (विजेसारखा हाय व्होल्टेजचा झटका देऊन बघायची) आज आहे, मेल बघ. मेल होता. हीट रनवाल्या पहिल्या मॅनेजरांचाही होता! बे मात्र एकच.

पहिले म्हणतात बंद केलीस तर डिस्पॅच लांबेल, एलडी, म्हणजे उशिराचा दंड, लागेल, दुसरे म्हणतात इन्स्पेक्शन कॉल फुकट गेला तर उत्तर तू दे. हेडना फोन लावला तर, "अरे प्रायोरिटी प्रोजेक्टवाले ठरवतात ना." प्रोजेक्टवाले म्हणे लॅब क्वालिटीची. अप्रेझल दोघांच्याही हातात, त्यामुळे आपण गप्प.

शेवटी इन्स्पेक्टरच, वीज बोर्डातून रिटायर झालेले काका, रीडिंगचा कागद बघून म्हणाले, "रहेवा दो ने भाई, चालू दे, मी उद्या बघतो. तोवर कॅलिब्रेशनची फाइल दे."

फाइलमध्ये इम्पल्स डिव्हायडरचं, म्हणजे तो झटका मोजायच्या उपकरणाचं, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट संपलेलं निघालं, म्हणजे टेस्ट तशीही झालीच नसती. रिन्युअलची रिक्वेस्ट मी कधीचीच टाकलेली, पण खर्च लॅबच्या बजेटमधून की प्रोजेक्टच्या, यावर ती अडकून पडलेली.

दुपारी सेव-उसळ खाताना एक सीनियर म्हणाले, आपल्या बडोद्यातल्या माणेजात प्लांट असलेल्या एबीबी या इलेक्ट्रिकल कंपनीने १९८८च्या मर्जरनंतर देशाचा एक आणि बिझनेसचा एक असे बॉस ठेवले होते, तेव्हा जगभर कौतुक, आणि १९९८मध्ये त्यांनीच ती रचना गुंडाळली. मग आपण कशाला नव्याने सुरू केलं, विचारलं तर हसले नुसते.

संध्याकाळी हीट रन नीट संपली. रिन्युअलच्या रिक्वेस्टला मात्र सिस्टिमने अजून एक अप्रूव्हर जोडला, आता तीन सह्या लागतात.