१४७५७३९५२५८९६७६४१२९२७ : पाया बदलला आणि अवयव हाती आला

मागील नोंदीपर्यंत ही संख्या, म्हणजे २ चा ६७ वा घात वजा १, चाळणीने, म्हणजे संभाव्य विभाजकांनी एकेक भागून पाहत, फोडण्याचे काम चालू होते. विभाजक ‘१३४ गुणिले क अधिक १’ याच रूपाचा असणार आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरणार. म्हणून क ला ४ ने भागून ० किंवा १ बाकी राहते तेवढेच उमेदवार तपासायचे, आणि ते काम प्रोसेसरच्या सर्व कोअरवर वाटून द्यायचे, असा बेत होता. तो आता रद्द केला आहे, कारण पोलार्ड यांच्या ‘पी वजा एक’ पद्धतीने अवयव मिळाला. तिच्यात एक छोटा ‘पाया’ घेऊन ठरावीक मर्यादेपर्यंतच्या मूळ संख्यांच्या घातांच्या गुणाकाराइतक्या घातांकाला चढवायचा, त्यातून १ वजा करायचा आणि उत्तराचा मूळ संख्येशी नव्हे तर फोडायच्या संख्येशी मसावि काढायचा.

त्याआधी या पद्धतीने पुरते छळले. मर्यादा १०० ठेवली की मसावि म्हणून संपूर्ण संख्याच परत येई. ७० वर आणली तरी तेच, आणि ६० केली की नुसता १. मधले काही नाहीच. हा बदल नेमका ६७ पाशी होतो हे दिसल्यावर उलगडा झाला: वापरातल्या तयार मॉड्यूलमध्ये पाया २ गृहीत धरलेला आहे, आणि या संख्येच्या प्रत्येक मूळ विभाजकाच्या संदर्भात २ चा ६७ वा घात १ च बाकी ठेवतो. घातांकात ६७ शिरला की सगळे विभाजक एकदमच जाळ्यात येतात, आणि वेगळा असा एकही निघत नाही. (याच कारणाने ही संयुक्त संख्या, मूळ संख्या ओळखायला वापरली जाणारी २ पायाची फर्माची कसोटीही निर्लज्जपणे उत्तीर्ण होते.)

पाया ३ घेतला, पहिली मर्यादा १०० आणि दुसऱ्या टप्प्याची (ज्यात त्याहून मोठी एक मूळ संख्या चालते) ३००० ठेवली, आणि १९३७०७७२१ समोर आला! त्यातून १ वजा केल्यास ८ × २७ × ५ × ६७ × २६७७ उरते. इतका ‘गुळगुळीत’, म्हणजे १ वजा केल्यावर लहान लहान अवयवांत फुटणारा, विभाजक मिळणे हे भाग्यच. चाळणीला त्यासाठी क = १४,४५,५८० पर्यंत जावे लागले असते. जोडीदार ७६१८३८२५७२८७ तसा नाही: त्यातून १ वजा केल्यावर २ × ९ × २९ × ६७ बाजूला काढले तरी २१७८२९८९ शिल्लक राहतो, आणि त्याला १०० च्या आतला एकही मूळ विभाजक नाही.

साधनांविषयी इतकेच की, ६४ बिटांत न मावणाऱ्या या संख्येसाठी पायथॉन या भाषेतले तीन घटकांचे पॉव (घात काढून लगेच बाकी देणारे फंक्शन) पुरेसे ठरले. पारी-जीपी ही गणिती संगणकप्रणाली हे अवयव क्षणात देते, पण ती पडताळ्यापुरतीच वापरावी. नाहीतर छंद कशाला म्हणायचा?

पुढे १०१ व्या घाताकडे वळायचे ठरले होते. मात्र हे लिहिताना अमेरिकन गणिती कोल यांची १९०३ मधली रीत आठवली. फ्रेंच गणिती ल्युकास यांनी १८७६ मध्ये ही संख्या संयुक्त ठरवली होती, पण तिचे अवयव कोल यांनीच काढले आणि त्यासाठी वर्गशेषांचा, म्हणजे वर्गसंख्यांना या संख्येने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचा, आधार घेतला. प्रत्येक नव्या स्वतंत्र वर्गशेषागणिक चाळणीतले उमेदवार साधारण निम्मे होतात. तेव्हा १०१ थांबेल. आधी जुन्या चाळणीला वर्गशेषांची जोड देऊन याच संख्येवर ती किती वेगाने १९३७०७७२१ गाठते ते मोजणार आहे.